झोपलेल्या माणसाची जीप

१

आपण झोपलो होतो असं दादांनी सही करून दिलं, आणि चौकशी अधिकाऱ्यांचं निम्मं काम तिथेच संपलं.

विमानतळ लहानसा. एक धावपट्टी, एक टॉवर, विमान चालवायला शिकवणारी एक शाळा, बंबाची शेड आणि कँटीन. पट्टीवरचे पक्षी हाकलायचं काम दादांचं. पिवळी जीप घेऊन ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचे, पक्षी दिसला की गॅसच्या तोफेचा नाहीतर फटाक्याचा बार काढायचे, आणि मग वॉकीटॉकीवर टॉवरला कळवायचे, ‘पट्टी मोकळी.’ त्याशिवाय विमान हलत नसे. त्या सकाळी दादांनी ‘पट्टी मोकळी’ म्हणून कळवलं, शाळेचं छोटं विमान धावत सुटलं, त्यानं जमीन सोडली आणि पलीकडच्या टोकाला ते पक्ष्यांच्या झुंडीत शिरलं. समोरची काच फुटली. विमान गवतात कोसळलं आणि पेटलं. आत वैमानिक एकटीच होती. लायसन्स हातात आल्यानंतरचं तिचं ते पहिलं उड्डाण होतं. ती दादांची मुलगी, एकुलती एक. सगळा विमानतळ तिला ठमू म्हणायचा, कारण कँटीनच्या टेबलांखालून रांगताना सगळ्यांनी तिला पाहिलेलं होतं.

‘मी पट्टीवर गेलोच नाही,’ दादांनी लिहून दिलं होतं. ‘खोलीत झोपलो होतो. अर्धवट झोपेतच मोकळी म्हणून सांगून टाकलं.’

कँटीन चालवणाऱ्या वहिनी म्हणजे ठमूची आई. त्यांच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्यांनी कँटीनला कुलूप घातलं आणि त्या गावातल्या भावाकडे निघून गेल्या. जाताना नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. लेक गेली, बायको गेली, आता नोकरीही जाणार आणि वर खटला उभा राहणार, हे सगळ्यांना दिसत होतं. दादांनाही दिसत असणार, पण ते खोलीबाहेरच्या बाकावर नुसते बसून असत.

चौकशीचं उरलेलं निम्मं काम म्हणजे पक्षी कोणता होता, एवढंच. त्यासाठी संग्रहालयातून पिसंवाल्या बाईंना बोलावणं गेलं. बाईंचं सगळं आयुष्य मेलेल्या पाखरांच्या खणांमध्ये गेलं होतं. विमानाला पक्षी धडकला की जे काही उरतं, चिमूटभर पिसं, एखादा पाय, काचेवरचा डाग, ते पाकिटात घालून त्यांच्याकडे यायचं आणि हा बगळा, हे कबूतर, असा निवाडा त्या करायच्या. केस पिकले होते, जीभ तिखट होती, आणि जिवंत माणसांपेक्षा मेलेली पाखरं बरी, असं त्या उघड म्हणायच्या.

“मॅडम, नाव तेवढं सांगा,” अधिकारी म्हणाले. ते तरुण होते, शर्टाला कडक इस्त्री होती आणि त्यांना घरी जायची घाई होती. “मी ओळ भरतो आणि संध्याकाळच्या गाडीनं आपण दोघं मोकळे.”

मेलेले पक्षी शाळेच्या फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्यांमागे ठेवले होते. तेव्हापासून त्या फ्रीजमधलं पाणी कुणी प्यायलं नव्हतं. बाईंनी पहिली पिशवी उघडली, पिसं हातात घेतली, आणि भिंगाचीही गरज पडली नाही.

“घार. दोन घारी आहेत.”

“झालं तर मग!”

“थांबा हो, गाडी कुठे पळून जात नाही.” एक घार जवळजवळ अख्खी होती. बाईंनी तिच्या गळ्याखालची पिशवी कापली. आत कोंबडीच्या कातडीचे तुकडे होते, अजून न पचलेले. बाईंनी एक तुकडा चिमट्यात धरून उजेडाकडे नेला. घार चोचीनं ओरबाडते, लचके तोडते. या तुकड्याच्या कडा मात्र चारी बाजूंनी सरळ होत्या.

“काय झालं?” अधिकाऱ्यांनी नाकावर रुमाल धरून विचारलं.

“काही नाही. या घारीनं कात्री कुठून आणली, त्याचा विचार करतेय.”

२

गाडी चुकली. अधिकाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि बाईंनी तिकडे साफ दुर्लक्ष केलं.

आधी त्या गवत कापणाऱ्या ठेकेदाराला भेटल्या. पट्टीच्या कडेचं गवत गुडघ्याएवढं उंच ठेवतात, कारण उंच गवतात पक्ष्यांना ना उंदीर दिसतात ना किडे, आणि मग ते तिथे उतरत नाहीत. गवत कापलं असतं तर घारी आल्या असत्या, हे गवतवाल्यालाही ठाऊक होतं, म्हणून तो बोलण्याआधीच शपथा घेऊ लागला.

“बाई, पावसाळ्यापासून यंत्राला हात लावलेला नाही. तुम्ही जाऊन बघा, माझा धाकटा उभा राहिला तर दिसणार नाही त्यात.”

बाईंनी जाऊन पाहिलं. गवत खरंच उंच होतं. जळालेला तेवढा काळा तुकडा सोडला तर पट्टीच्या त्या टोकाला घारीला खाण्यासारखं काही नव्हतं. शिवाय सकाळी ऊन तापेपर्यंत घारी झाडांवर बसून असतात. त्या टोकाला त्यांचं काय अडलं होतं?

विमानतळाचे व्यवस्थापक खुर्चीतून उठण्याआधीच काखा वर करून मोकळे झाले.

“तोफ दुरुस्तीला गेलीय, येईल. फटाके ओले झाले, गोदामाचं छत गळतं. नवे मागवलेत. पण मॅडम, माणूसच झोपला तर तोफेनं काय करायचं?”

“आणि जागा असता तर? कशानं हाकललं असतं त्यानं?”

“जीप होती की. हात होते.” व्यवस्थापक क्षणभर घुटमळले. “बंद करा म्हणालो असतो उड्डाणं, तर शाळावाल्यांनी माझं डोकं खाल्लं असतं.”

टॉवरवर बसणारी ताई बाईंच्या लेकीच्या वयाची होती. तिचे डोळे सुजलेले होते आणि ती बोलताना सारखी खिडकीकडे बघत होती.

“इथून ते टोक दिसत नाही. तिकडे पट्टी उताराला लागते, जीप गेली तर तिचा टपही दिसत नाही. म्हणून तर दादांच्या शब्दावर चालायचं सगळं. दादा म्हणाले मोकळी, मी ठमूला म्हटलं, नीघ.”

“आणि घारी?”

“त्या निलगिरीवर होत्या, कँटीनमागच्या. ठमू पट्टीच्या मध्यावर आली तेव्हा माझं लक्ष गेलं, तर सगळ्या उठलेल्या. पट्टी ओलांडून पलीकडे निघालेल्या. मी ओरडले रेडिओवर. ठमू म्हणाली, ‘दिसतायत, ताई.’ तेवढंच म्हणाली.”

बाईंना अशा वेळी काय बोलावं ते कधीच सुचत नसे. त्यांनी हळूच एवढंच विचारलं, “दादांचा आवाज झोपेतला होता का गं?”

“कोण जाणे. नीट ऐकूच आला नाही. मागे एक टिटवी इतकी केकाटत होती की मला परत विचारावं लागलं.”

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. टिटवी माळावरचा पक्षी. कुणी जवळ गेलं, उठवलं, की ती केकाटते. झोपलेल्या माणसाच्या उशाशी ती कशाला येईल?

३

बंब चालवणारा गडी चांगला धिप्पाड होता. एरवी तो सगळ्यांच्या टोप्या उडवायचा, पण आज त्याचं पाणी पार उतरलं होतं. दादांची पिवळी जीप आता त्याच्या ताब्यात दिली होती आणि तो ती चोरीची असल्यासारखी चालवायचा.

“आम्ही भोंगा वाजला तशी गाडी काढली,” तो म्हणाला. “एक क्षण दवडला नाही, बाई. आमच्यावर बोट ठेवता येणार नाही कुणाला.”

“ठेवत नाही. तिथे पोचलात तेव्हा काय दिसलं?”

“दादा दिसले.” बंबवाल्यानं तोंड फिरवलं. “दार तापून लाल झालेलं, आणि हे उघड्या हातांनी ओढत होते. पोरीचा पट्टा निघत नव्हता. आम्ही तिघांनी मिळून मागे खेचलं त्यांना. हाताची सालटी निघाली होती, तरी सोडत नव्हते.”

“म्हणजे तुमच्या आधी ते तिथे होते.”

“होते की. बाप आहे, धावणारच.”

“दादांची खोली कुठे आहे?”

बंबवाल्यानं बोट दाखवलं. खोली बंबाच्या शेडच्या मागे होती, पट्टीपासून आणखी लांब. बंबवाला त्या खोलीकडे बघत राहिला, मग उताराकडे, मग पुन्हा खोलीकडे. त्याचं बोट हळूहळू खाली आलं.

“अहो बाई,” तो म्हणाला, “आम्ही बंब घेऊन सुसाट गेलो. झोपेतून उठलेला माणूस आमच्या पुढे कसा काय जाईल?”

“तो झोपेतून उठलाच नव्हता. तो तिथेच होता.”

आयुष्यभर बाईंना लोक खोटं सांगत आले होते. ठेकेदार, व्यवस्थापक, वैमानिक, जो तो आपली मान सोडवायला खोटं बोलायचा, आणि पिसं त्यांना तोंडघशी पाडायची. पण जागा असलेला माणूस, कामावर असलेला माणूस, मी झोपलो होतो म्हणून स्वतःच्या गळ्यात दोर अडकवून घेतो, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

४

दादा बाकावर बसले होते. दोन्ही हातांना मनगटापर्यंत पट्ट्या होत्या. बाई शेजारी बसल्या तेव्हा ते अदबीनं थोडे सरकले.

“मी लिहून दिलंय सगळं,” ते म्हणाले.

“वाचलं मी. छान लिहिलंय. एक अक्षर खरं नाही त्यात.”

समोरच्या माळावरून वारा येत होता आणि गवत एका अंगाला कलत होतं.

“टॉवरवाल्या ताईनं तुमच्या मागे टिटवी ऐकली. बंबाच्या आधी तुम्ही विमानापाशी होतात. दादा, तुम्ही जागे होतात. जीप घेऊन त्या टोकाला उभे होतात. मग हे झोपेचं सोंग कशासाठी?”

“झोपलो होतो,” दादा पुन्हा म्हणाले, पाठ केल्यासारखं. “माझ्यामुळे गेली पोर. तसंच लिहा.” मग थोड्या वेळानं, अगदी सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, “पक्षी कोणता लिहिलात, बाई?”

“घार.”

दादांचा चेहरा कसाबसा सावरलेला होता, तो एकदम पडला.

“घार कशाला लिहिता? टिटवी लिहा की. टिटव्याच होत्या तिथे, दोन. पट्टीच्या मधोमध बसलेल्या.”

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, पण दादांना कोंडीत पकडल्याचा आनंद काही त्यांना झाला नाही. झोपलेल्या माणसानं दोन टिटव्या पाहिल्या होत्या, हे तर आता सिद्धच झालं. पण खरा प्रश्न वेगळाच होता. माणूस स्वतःचा गुन्हा लपवत नव्हता. तो घार लपवत होता.

“बाई, तुमच्या पाया पडतो,” दादा म्हणाले. “दोन अक्षरं आहेत हो. काय बिघडतं?”

५

“मला त्या टोकाला घेऊन चल,” बाई बंबवाल्याला म्हणाल्या. “दादा जायचे त्याच रस्त्यानं, त्याच जीपनं.”

रस्ता कँटीनच्या मागून जात होता. वळणावर एक कुत्रा रस्त्यात आडवा पसरला होता. बंबवाल्यानं गाडी थांबवली, एक शिवी हासडली आणि दोनदा हॉर्न दिला.

कुत्र्यानं कान हलवला, बाकी काही नाही. पण जीपच्या बॉनेटवरून एक सावली सरकली. मग दुसरी. बाईंनी बाहेर डोकं काढून वर पाहिलं.

निलगिरीवरून घारी उतरत होत्या. एकामागून एक, पंख न हलवता, अगदी खाली येऊन त्या जीपभोवती फिरू लागल्या. एक तर इतकी जवळून गेली की तिचा पिवळा पाय बाईंना स्वच्छ दिसला. त्यांच्या बारीक, थरथरत्या शिळेनं माळ भरून गेला.

“हात्तिच्या,” बंबवाला म्हणाला, “भुकेल्यात बिचाऱ्या. वहिनी नाहीत ना आठवडाभर.”

बाई त्याच्याकडे वळल्या. “वहिनींचा काय संबंध?”

“वहिनी घालायच्या त्यांना. दादा सकाळी न्याहारीला इथे मागच्या दाराशी यायचे, दोनदा हॉर्न द्यायचे. की वहिनी डबा आणि चहाचा थर्मास घेऊन बाहेर. आणि कोंबडी साफ केलेली, ती कातडी, ती कात्रीनं तुकडे करून वर उडवायच्या. घारी हवेतल्या हवेत झेलायच्या, बाई! आम्ही सगळे बघायला यायचो. व्यवस्थापकसाहेबांची मुलंसुद्धा यायची. ठमू लहान असताना तर...”

तो बोलता बोलता थांबला. त्याचा हात अजून हॉर्नवर होता. त्यानं तो भाजल्यासारखा मागे घेतला.

दाराशी एक ओट्याएवढी फळी होती आणि तिच्यावर गंजकी कात्री टांगलेली होती. वरचं पत्र्याचं छप्पर विष्ठेनं पांढरं झालं होतं. बाई जीपमधून उतरल्या आणि फळीपाशी उभ्या राहिल्या. सगळे तुकडे आपोआप जागेवर बसत होते आणि त्यांना ते बसायला नको होते. तोफ नव्हती. फटाके नव्हते. पट्टीवर दोन टिटव्या होत्या आणि विमानात स्वतःची लेक होती. जीपमध्ये आवाज करणारी एकच वस्तू होती.

“हॉर्न काढून टाक,” त्या बंबवाल्याला म्हणाल्या. “आत्ता. तारा तोड, नाहीतर दगड घाल त्यावर.”

६

“खाली उतरून हाकलल्या असत्या तरी चाललं असतं,” दादा म्हणाले. आता ते लपवत नव्हते. “दोन तर टिटव्या. पण ठमूचं विमान पलीकडे घरघरत होतं. पहिल्याच दिवशी बापामुळे खोळंबली असं कुणी म्हणायला नको. मी बसल्या जागेवरून हॉर्न दिला. दोनदा. हाताला सवयच तशी. टिटव्या ओरडत उडाल्या आणि मी सांगितलं, मोकळी.”

ते पट्ट्या बांधलेल्या हातांकडे बघत होते.

“मग सावल्या आल्या. मला वर बघायचीही गरज नव्हती, बाई. रोज बघतो मी त्या सावल्या. झाडं त्या अंगाला, जीप या अंगाला, आणि मध्ये पट्टी. सकाळी एकदा खाऊनही त्या माझ्याकडे पुन्हा न्याहारीला येत होत्या. मी वॉकीटॉकी तोंडाशी नेला. तोवर...”

बाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

“म्हणून झोपलात?”

“जागा होतो म्हटलं तर साहेब विचारणार, काय केलंस. हॉर्न दिला म्हटलं तर विचारणार, हॉर्ननं घारी कशा आल्या. आणि मग हिला कळणार.” दादांचा आवाज चिरकला. “पोरीला भरवलं त्याच हातानं तिनं घारींना भरवलं. हे कळल्यावर ती कशी राहील? त्यापेक्षा माझा राग येऊ दे तिला. माझं तोंड बघू नये असं वाटू दे. रागावर माणूस जगतं, बाई. दुसऱ्या कशावर नाही जगत.”

“आणि तुम्ही?”

दादांनी हा प्रश्न ऐकलाच नाही, असं दाखवलं.

“मला घारच लिहावी लागेल,” बाई म्हणाल्या. “ती जीप उद्या दुसरं कुणी चालवेल. त्याच शाळेतली दुसरी पोरं उडतील. घारी वाट बघत बसल्यात तिथे झाडावर. मी टिटवी लिहिली तर पुढच्या पोरीचं काय?”

दादांनी मान हलवली. पक्षी हाकलण्यात जन्म गेलेला माणूस होता तो, त्याला हे समजावून सांगायची गरज नव्हती.

“लिहा,” ते म्हणाले. “फक्त हिला तुम्ही सांगू नका.”

७

बाई कात्री आणायला कँटीनकडे गेल्या, तर दार उघडं होतं. वहिनी आत होत्या. अंगानं बारीक, पदर खोचलेला. पातेली एकात एक घालून त्या बांधून ठेवत होत्या.

“किल्ली द्यायला आले होते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पिसंवाल्या बाई ना? बसा. दूध नाही, कोरा चहा चालेल का?”

घरातलं माणूस गेलं तरी आल्यागेल्याला चहा विचारायचाच, असा वहिनींचा स्वभाव होता. आधणाकडे बघतच वहिनींनी विचारलं, “कोणता पक्षी होता हो?”

बाई पिसांबद्दल कधी खोटं बोलल्या नव्हत्या. आज बोलायची फार इच्छा झाली. जीभ वळेना.

“घार,” त्या म्हणाल्या.

वहिनींनी गॅस बंद केला. त्यांची पाठ बाईंकडे होती. बाहेर तारेवर एक घार येऊन बसली आणि तिनं तीच बारीक शीळ घातली.

“लग्न झाल्यापासून हा माणूस दिवसा कधी आडवा झालेला नाही,” वहिनी म्हणाल्या. “तापात सुद्धा नाही. रागाच्या भरात मला ते आठवलंच नाही बघा. रात्री भावाच्या घरी पडल्या पडल्या आठवलं.” त्या वळल्या. “तोफ दुरुस्तीला होती ना त्या दिवशी?”

“हो.”

“मग हॉर्न वाजवला असेल त्यांनी.”

बाईंनी मान खाली घातली. हो म्हणायचं नव्हतं आणि नाही म्हणवत नव्हतं. वहिनींना तेवढं पुरलं. त्या कडप्प्याला धरून उभ्या राहिल्या आणि एकदम खाली बसल्या, पातेल्यांच्या मध्ये, जमिनीवर.

“मीच,” त्या म्हणाल्या. “मी. म्हणजे मीच बोलावलं त्यांना तिच्या वाटेत.”

“वहिनी, सगळा विमानतळ बघायला यायचा. साहेबांची मुलं यायची. कुणाला सुचलं? व्यवस्थापकांना सुचलं? तोफ नाही, फटाके नाहीत, तरी विमान सोडलं. कुणा एकट्याचं नाही हे.”

“असेल,” वहिनी म्हणाल्या. पदर तोंडात कोंबून त्या रडल्या. खूप रडल्या, आवाज न करता. बाई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. गुडघे दुखत होते, तरी बसल्या.

शेवटी वहिनींनी डोळे पुसले. “तुम्हाला काही म्हणाले का ते?”

“म्हणाले, रागावर माणूस जगतं.”

“कसलं जगतं!” वहिनी एकदम फणकारल्या, बायका घरच्या माणसावर फणकारतात तशा. “आठवडाभर घास उतरला नाही घशाखाली. एवढं मोठं ओझं घेऊन एकटे बसलेत, आणि मला म्हणे रागाव. कधी अक्कल येणार या माणसाला?”

त्या उठल्या. चहा पुन्हा गरम केला, थर्मासमध्ये ओतला, एक स्टीलचा पेला विसळून घेतला.

संध्याकाळी चौकशी अधिकारी बाईंनी लिहिलेलं वाचत होते. दोन घारी. कामावरचा माणूस जागा होता, जागेवर होता. तोफ नादुरुस्त, फटाके ओले, तरीही उड्डाण. विमानतळाच्या आवारात घारींना कित्येक वर्षं नियमित खायला घातलं जात होतं.

“कोण घालत होतं?” त्यांनी पेन उघडलं. “नाव हवं मॅडम इथे.”

“विमानतळ घालत होता.”

“विमानतळ कसं काय खायला घालेल?”

“सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घालत होता आणि वर टाळ्या पिटत होता. तसंच लिहा. आणि नाव लिहायचंच असेल, तर तोफ नाही, फटाके नाहीत, तरी ज्यानं उड्डाणं चालू ठेवली त्याच्यापासून सुरुवात करा.”

अधिकाऱ्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण बाई खिडकीबाहेर बघत होत्या, म्हणून त्यांनीही बघितलं.

वहिनी कँटीनच्या मागच्या दारातून निघाल्या होत्या. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात पेला. रोज जीप त्यांच्याकडे यायची. आज त्या चालत होत्या, मोकळ्या माळावरून, बंबाच्या शेडच्या दिशेनं. हात ओळखीचा होता, म्हणून घारी झाडावरून उतरून त्यांच्या डोक्यावर फिरू लागल्या. वहिनींनी वर पाहिलं नाही. त्या बाकापाशी पोचल्या तेव्हा दादा उठून उभे राहिले, आणि मग बायकोचा चेहरा बघून पुन्हा खाली बसले. तिला सगळं कळलंय, हे ती काही बोलण्याआधीच त्यांना समजलं असावं.

कोण काय बोललं ते खिडकीतून ऐकू येणं शक्यच नव्हतं. वहिनी शेजारी बसल्या. त्यांनी पेला भरला आणि पुढे केला. दादांनी तो घेतला खरा, पण पट्ट्या बांधलेल्या बोटांत तो ठरेना, चहा हिंदकळला. तेव्हा वहिनींनी खालून हात लावला, आणि पेला संपेपर्यंत दोघांनी मिळून तो धरून ठेवला.